टोपणाएवढी कांडी

"पानी पेवानं नही पोरी, पानी चोखानं."

पाणी प्यायचं नाही, चोखायचं. हे सांगताना अक्का अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून मधली फट दाखवायच्या. फट जेमतेम इंचभर. तेवढीच त्यांची बर्फाची कांडी असायची.

मी जळगावातल्या एका इस्पितळात डायलिसिसच्या मशीनवर काम करते. आठ खाटा, आठ मशीन. ज्यांच्या किडन्यांनी काम सोडलंय अशी माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा येतात, चार-चार तास पडून राहतात आणि रक्त धुऊन घेऊन घरी जातात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, या माणसांचं खरं दुखणं सुईचं नसतं. ते तहानेचं असतं. लघवी होत नाही, म्हणून प्यालेलं पाणी अंगातच साठतं. त्यामुळे दिवसाला मोजकं पाणी. आमच्याकडच्या मे महिन्यात, दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, अख्ख्या दिवसाला पाऊण लिटर. त्यातच चहा, त्यातच वरण, त्यातच गोळ्या गिळायला लागणारं पाणी.

माणसं चोरून पाणी पितात आणि आम्हाला खोटं सांगतात. पण वजनकाटा खोटं बोलत नाही.

अक्का धरणगावजवळच्या खेड्यातून मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून यायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी. साठीच्या, सडपातळ, कपाळावर गोंदण, डोक्यावरचा पदर चार तासांत एकदाही न ढळणारा. पहिल्या सहा महिन्यांत आमच्याकडच्या सगळ्यांत अट्टल पाणीचोर त्याच होत्या. दर खेपेला वजन चार किलोंनी वाढलेलं. मी रागावले की शांतपणे म्हणायच्या, "दिनभर माठ बलावस माले." जणू माठ ही घरातली कुणी वडीलधारी बाई होती आणि तिनं हाक मारल्यावर जाणं भाग होतं.

एका शुक्रवारी त्यांना उचलूनच आणलं. छातीत पाणी झालं होतं. बसल्या जागी धाप लागत होती, ओठ काळेनिळे. डॉक्टरांनी आणि मी मिळून दोन तास झटून त्यांना परत आणलं. श्वास जाग्यावर आल्यावर त्या बराच वेळ वरच्या पंख्याकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं की तहान मारायचं काही औषध आहे का. मी म्हटलं, नाही. बर्फाचा छोटा खडा तोंडात धरा, काही जणांना त्यानं बरं वाटतं.

पुढच्या मंगळवारी त्या म्हणाल्या की बर्फाला चव नाही, आणि बेचव गोष्ट तोंडात धरून बसायला आपण काही व्रताला बसलेलो नाही.

तिथून कांड्या सुरू झाल्या.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं प्लास्टिकचं टोपण असतं ना, तो त्यांचा साचा. एका टोपणात पंधरा मिली. गावातल्या घराघरातून त्यांनी टोपणं गोळा केली, उकळून धुतली. त्यात लिंबाचा रस, ठेचलेला पुदिना, चिमूटभर साखर आणि पाणी. मधोमध टोक मोडलेली दातकोरणी उभी करायची आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवायचं. एक कांडी न चावता चोखली तर दहा मिनिटं पुरते. पंधरा मिलीत दहा मिनिटं. तेवढंच पाणी प्यायलं असतं तर घशाला कळलंही नसतं.

महिन्याभरात त्यांचं वाढलेलं वजन दोन किलोंवर आलं. मी काटा दोनदा तपासला.

मग त्या सगळ्यांसाठी कांड्या आणू लागल्या. आमच्याकडे इंजेक्शनं थर्माकोलच्या खोक्यात येतात, बर्फाच्या पिशव्यांसकट. ती रिकामी खोकी मी त्यांना देऊन टाकायची. मोटारसायकलवर मुलगा आणि अक्का यांच्यामध्ये ते खोकं बसलेलं असायचं. गवती चहा आणि लिंबू. अननस आणि तुळस. सफरचंदाच्या रसात ओव्याचं पान, जे ऐकून मी तोंड वाकडं केलं होतं आणि चाखून गप्प बसले होते. जांभळाच्या दिवसांत सगळ्या खाटांवरच्या जिभा जांभळ्या व्हायच्या आणि राउंडला आलेले डॉक्टर प्रत्येकाला जीभ दाखवायला सांगून हसायचे.

वाटप मात्र शिस्तीत. मशीनला जोडायच्या आधीच अक्का खोकं घेऊन खाटाखाटांवरून फिरायच्या. मी परवानगी दिल्याशिवाय खोकं उघडायचं नाही. कांडी चावणाऱ्याला पुढच्या खेपेला कांडी नाही. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त गुरुजी असायचे, जळगावचेच. चाळीस वर्षं मुलांना शिस्त लावलेला माणूस, पण कांडी हातात आली की कुडुम्‌ करून चावायचे. अक्का त्यांच्याकडे नुसत्या बघायच्या. गुरुजी म्हणायचे, "चुकून दात लागला, अक्का." पुढच्या मंगळवारी खोकं त्यांच्या खाटेपाशी न थांबता पुढे जायचं. गुरुजी दोन आठवड्यांत चोखायला शिकले.

आता एक प्रसंग सांगते, तो सांगितल्याशिवाय अक्का तुम्हाला पुऱ्या कळायच्या नाहीत.

दिवाळी नुकतीच झाली होती. अक्कांनी खोकं उघडलं, सवयीनं मी मान हलवली आणि त्यांनी पहिली कांडी गुरुजींना दिली. फिकट पिवळी, आणि तिच्यात गोठलेली एक चकती, पाच टोकांची, चांदणीसारखी. फार सुंदर दिसत होती. गुरुजी ती बोटांत फिरवून बघत होते. मी हातातली नळी सोडली आणि धावत जाऊन त्यांच्या हातातून कांडी हिसकावून घेतली.

ती कमरख होती. आंबटगोड, कापलं की चांदणी होणारं फळ. धडधाकट माणसानं खावं खुशाल, पण किडनी गेलेल्याला ते विष आहे. उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, माणूस जातोही. आम्हाला शिकताना हे बजावून सांगितलेलं असतं. अक्कांना कोण सांगणार? शेजारणीच्या अंगणात झाड होतं. तिनं प्रेमानं टोपलीभर दिली होती.

"अक्का, तुम्ही खाल्ली का?" मी विचारलं.

"नही. आधी बठ्ठास्ले, मंग माले."

आधी सगळ्यांना, मग मला. त्यांची रीतच तशी होती. त्या रीतीनं त्यांना वाचवलं, आणि तिनंच गुरुजींना जवळजवळ मारलं असतं.

मी सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं रडतील. रडल्या नाहीत. खोक्यावर झाकण लावलं, दोन्ही हात झाकणावर ठेवले आणि चार तास ते हात उचलले नाहीत. मशीनला जोडलेला हात हलवू नका म्हणून सांगायची त्या दिवशी गरज पडली नाही.

त्यानंतर तीन आठवडे कांड्या आल्या नाहीत. कुणी विचारलं की अक्का खिडकीकडे बघायच्या. स्वतःसाठीही करत नसाव्यात, कारण त्यांचं वजन पुन्हा वाढायला लागलं. गुरुजींची वाढ तर चार किलोंवर गेली, पायांवर सूज आली, बोट दाबलं की खळगा पडायचा. एका मंगळवारी गुरुजी कुशीवर वळून त्यांना म्हणाले, "अक्का, तुमच्या रागापायी माझा जीव जाईल."

"राग नही गुरुजी. भीती वाटस."

"मग भीतीसकट करा," गुरुजी म्हणाले. "मी वर्गावर पहिल्या दिवशी गेलो तेव्हा माझेही पाय कापत होते."

शुक्रवारी अक्का आल्या त्या रुमालात एक नासपती बांधून. कांडी नव्हती, नुसतं फळ. थेट डॉक्टरांपुढे धरलं. "हाई चालस का?" डॉक्टर म्हणाले, चालेल. मग कुठे पुढच्या खेपेला नासपतीच्या कांड्या आल्या. तेव्हापासून नवीन फळ असो की पाला, आधी रुमालातून यायचा, तपासणी व्हायची आणि मग टोपणात जायचा. गुरुजींनी त्यांना एक वही करून दिली. मोठ्या अक्षरात एका पानावर 'चालेल', समोरच्या पानावर 'नाही'. अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. एकेक अक्षर जोडून वाचायच्या. 'नाही'च्या पानावर पहिलं नाव कमरख. दुसरं केळं.

केळ्यात पोटॅशियम फार. आमच्या पेशंटांना ते वर्ज्य. जळगाव जिल्ह्यात राहून केळं वर्ज्य म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. बांधावर, रस्त्यावर, ट्रकमध्ये, देवापुढे, सगळीकडे केळीच. आणि अक्कांचं माहेर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याला. बापाचा केळीचा मळा. लहानपणी शाळेतून आलं की दप्तर टाकून मळ्यात, असं त्या सांगायच्या.

एकदा माहेराहून भाऊ केळ्यांची फणी घेऊन आला. त्या मंगळवारी अक्कांनी सगळ्यांना लिंबाच्या कांड्या वाटल्या आणि खोक्याच्या तळातून कागदात गुंडाळलेली एक वेगळी कांडी काढून माझ्या हातात ठेवली. पूर्ण वाटीत लावलेली, मोठी. केळं आणि वेलची, वरून तुळशीची मंजिरी.

"तुले शे. खा."

मी त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून खाल्ली. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कशी लागनी?"

"छान. गोड."

"गोड तर साखरबी ऱ्हास. बठ्ठं सांग."

मग मी सांगायचा प्रयत्न केला. आधी वेलची येते, नाकातून. मग गार कमी होतं आणि केळं जाड होऊन जिभेवर पसरतं. शेवटी तुळस जरा तिखट लागते. मला कधी कुणी चव अशी सांगायला लावली नव्हती. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

"मळाना वास येस का?" त्यांनी विचारलं.

मी जळगावात वाढले, पण केळीच्या मळ्यात शिरून उभी राहिले नव्हते. मळ्याचा वास कसा असतो ते मला माहीत नव्हतं.

"येतो," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. माझं खोटं त्यांना कळलं असावं. आजही ती गोष्ट माझ्या मनाला लागून आहे. 'नाही येत' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या वर्षी अक्कांचं हृदय थकायला लागलं. मोटारसायकलवरचा प्रवास झेपेना. त्यांची मुलगी धुळ्याला असते, तिच्या घरापासून इस्पितळ पाच मिनिटांवर. तिनं आईला नेलं. शेवटच्या शुक्रवारी अक्कांनी टोपणांची पिशवी गुरुजींच्या बायकोच्या हवाली केली आणि तिला माप, साखर, पुदिना किती ठेचायचा ते सगळं दोनदा सांगितलं. गुरुजींची बायको आजही करून आणते. वजनं आटोक्यात आहेत. पण ओव्याच्या पानाची कांडी तिला जमत नाही, आणि गुरुजी पुन्हा चावायला लागले आहेत. त्यांच्याकडे नुसतं बघणारं आता कुणी नाही.

पुढच्या मे महिन्यात एका लग्नासाठी मी धुळ्याला गेले. सकाळचं लग्न आटोपून, उन्हं कलल्यावर अक्कांचा पत्ता शोधत निघाले. बैठं घर, पुढे फरशीचं अंगण. अक्का प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगानं निम्म्या झाल्या होत्या. मला बघून त्यांनी हात पुढे केला. मी शेजारी पायरीवर बसले. त्यांनी गुरुजींची चौकशी केली, कुणाचं वजन किती ते नावानिशी विचारलं. गेलेल्यांची नावं मी गाळली. त्यांनीही ती विचारली नाहीत.

"कांड्या करता का, अक्का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आता हात थरथरतो, म्हणाल्या.

दिवसभर तापलेली फरशी गार करायला मुलीनं नळाला पाइप लावला आणि अंगणात पाणी मारायला सुरुवात केली. फरशीतून वाफा निघाल्या, ओल्या मातीचा वास आला. पाण्याचा ओघळ खुर्चीकडे येताना पाहून मुलीनं घाईनं पाइप दुसरीकडे वळवला.

"इकडे येऊ दे," अक्का म्हणाल्या.

"आई, लुगडं भिजेल तुझं."

"भिजू दे. पायस्ले तरी पेऊ दे."

मुलीनं पाइप खाली धरला. अक्कांनी लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि सुजलेली पावलं फरशीवर पसरली. पाणी बोटांमधून, टाचांखालून वाहत राहिलं. बराच वेळ.

अक्का श्रावणात गेल्या. मुलीचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. मला वाईट वाटलं, पण त्या क्षणी डोळ्यांपुढे खाट आली नाही, सुया आल्या नाहीत. धुळ्याचं ते अंगण आलं, आणि पाण्यात ठेवलेली दोन पावलं.