धुरातली सायकल

डॉक्टरीणबाईंनी मला तीन महिन्यांची मुदत दिली होती. जुलैत त्या म्हणाल्या, शुगर खाली आणा, नाहीतर ऑक्टोबरपासून इन्सुलिन. सुईला मी घाबरत नव्हतो. पण बाबांच्या पायाचा अंगठा याच शुगरने गेला होता, आणि तेव्हा ते माझ्या आत्ताच्या वयाहून सहाच वर्षांनी मोठे होते. त्याची मला भयंकर भीती वाटायची.

म्हणून सायकल घेतली. सिंगापुरात मरीन परेडला घर, क्वीन्सटाउनला ऑफिस, रोज जाऊन-येऊन. पुण्यात सप्टेंबर सरता सरता पहाटे हवा जरा तरी बदलते. इथे ती बाराही महिने अंगाला चिकटलेली. ऑफिसात पोचेपर्यंत शर्ट पिळून घ्यावा. वर समुद्राकाठच्या वाटेवर चौघं चौघं आडवी पसरून चालणार, आणि घंटी वाजवली की उद्धट मी!

सप्टेंबरात इथे बदलतं ते एवढंच: सुमात्राची जंगलं पेटतात आणि धूर आमच्याकडे येतो. त्या वर्षी, दोन हजार पंधरा साली, तर समोरची इमारत दिसेना. बायको रोज सकाळी फोनवर हवेचा आकडा बघून ओरडायची, "अरे, बसने जा ना! कसला मेला हट्ट!" मुलगी ब्रेड चघळत म्हणायची, "पप्पा, डोन्ट सायकल लाह, सो हेझी." मी मास्क लावून निघायचोच. चष्म्यावर वाफ, घशात खवखव, तोंडाने शिव्या.

शिवाय मी उपवास धरले होते. श्रावणापासून सोमवार, गुरुवार, चतुर्थी. नवरात्रात तर नऊच्या नऊ दिवस. भाताचं शीत नाही, पोळीचा तुकडा नाही. स्वतःवर मी भलताच खूश होतो.

दसरा झाला आणि रिपोर्ट आला. शुगर जुलैपेक्षा जास्त.

माझं डोकंच फिरलं. रोज सायकल मारतो, धुरातसुद्धा, आणि वर फास्टिंग करतो, असं मी डॉक्टरीणबाईंना तावातावाने ऐकवलं.

"फास्टिंग? व्हेरी गुड. सो यू ईट नथिंग?"

मी अभिमानाने यादी सांगितली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, डब्यात बटाट्याचा कीस, संध्याकाळी पाकातली रताळी.

"सेगो? पोटॅटो? अँड स्वीट पोटॅटो विथ शुगर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर, दिस इज नॉट फास्टिंग." आणि पुन्हा पेन उचलून इन्सुलिन लिहिलं.

बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढत होतो. राग कोणावर काढावा ते कळेना. सायकलवर, धुरावर, त्या बाईवर? मग बाबा आठवले. त्यांनी आयुष्यात एकही एकादशी चुकवली नव्हती. अंगठा गेल्यावर तर, लवकर बरं वाटावं म्हणून, गुरुवारही धरला. त्या गुरुवारची खिचडी मीच त्यांना वाढायचो, आणि ते पुरे म्हणाले तरी आणखी एक डाव घालायचो.