‘इंजिन बठ्ठं’: नाशिकहून जळगावला, धुळ्यात थांबून

सासूबाईंची पिशवी भरून दारात तयार होती, आणि जायचं की नाही हे माझं अजून ठरत नव्हतं. कारण गाडी. महिनाभर ती मधूनच तापत होती. नाशिकच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने आदल्या दिवशी पाहून सांगितलं होतं, "हेड गॅस्केट असू शकतं. तसं असेल तर इंजिन उघडावं लागेल. जाऊन या, पण काट्यावर लक्ष ठेवा."

जळगावला सासूबाईंच्या थोरल्या भावाचं, नानांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. ओवाळायला सख्खी बहीण म्हणून आता त्या एकट्याच उरलेल्या. बायकोला रजा नव्हती. "एसटीने जाऊ या का?" असं विचारून पाहिलं. "एसटीची पायरी चढेन हो," त्या म्हणाल्या, "पण मग नानाच्या घराची राहील." गुडघ्यांपुढे वाद नसतो. निघालो.

नाशिक ते धुळे महामार्ग उत्तम आहे. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा आणि हिवाळ्यात सकाळी लवकर निघा, म्हणजे मालेगाव गर्दीच्या आधी मागे पडतं. चहा चांदवडच्या पुढे घेतला. तिथपर्यंत काटा शहाण्यासारखा मध्यावर होता. लळिंगचा किल्ला दिसायला लागला, घाट सुरू झाला आणि काटा वर सरकला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, इंजिन निवू दिलं. बाटलीतलं पाणी घातलं आणि हळूहळू धुळ्यात उतरलो.

पारोळा रस्त्याला लागताना एक पत्र्याची शेड दिसली. पाटीवर नुसतं ‘भटूभाऊ’. आत पन्नाशीचे, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेले खुद्द भटूभाऊ.

"गाडी तापली का मालक तापले?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"दोघंही," सासूबाई म्हणाल्या आणि सावलीतल्या बाजेवर पाय पसरून बसल्या.

परगावच्या गॅरेजबद्दल आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. चांगला पार्ट काढून घेतात, नसलेला बिघाड दाखवतात. गाडीपासून हलायचं नाही, असं मी ठरवूनच उभा होतो. भटूभाऊंनी पाणी भरलं, इंजिन चालू ठेवलं, टॉर्च घेऊन वरून पाहिलं, मग खाली झोपून पाहिलं. बराच वेळ. मग त्यांचा फोन वाजला. ते हसत हसत बोलायला लागले, "हां भाऊ, इंजिन बठ्ठं..." आणि पुढचं सगळं एका ट्रकच्या हॉर्नने खाल्लं.

इंजिन बसणं म्हणजे काय, हे गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. इंजिन संपलं. आमच्याकडचे हिंदी बोलणारे मेकॅनिक म्हणतात, ‘बैठ गया’. चालत आलेल्या गाडीचं इंजिन या माणसाने फोनवर बसवलं होतं, आणि वर हसत होता.

"बॉनेट लावा," मी म्हणालो. "मी गाडी टो करून नेतो."

"कुठं?"

"नाशिकला. इंजिन बसलं म्हणून तुम्हीच आता सांगत होतात ना?"

भटूभाऊंनी पाना खाली ठेवला. मस्करी संपली होती. "साहेब, गाडी तुमची. न्या. पण मी असं बोललो नाही."

गाडी उचलून न्यायची म्हणजे उद्याची ओवाळणी गेली, हे मला कळत होतं. सासूबाईंनाही कळलं. त्या बाजेवरून उठून आल्या आणि फक्त भावाशी फोनवर बोलतात त्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "काय म्हनना रे भाऊ तू? माले सांग."

"अक्का, मी म्हनस, इंजिन बठ्ठं पाही लिधं, त्याले काही नही व्हयेल. पाइप फाटेल शे."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. "अहो जावईबापू, बठ्ठं म्हणजे सगळं! सगळं इंजिन पाहिलं म्हणतोय तो, त्याला काही झालेलं नाही." मग भटूभाऊंकडे वळून, "आमना जवाईले बठ्ठं समजस, फक्त ‘बठ्ठं’ समजत नही."

शेडमध्ये हशा झाला. मीही हसलो, पण शंका पुरती गेली नव्हती. शब्द कळला म्हणजे माणूस कळला असं नाही. "भटूभाऊ, चुकलो," मी म्हणालो. "पण मला दाखवाल?"

"हां, हे बोला ना! आधीच विचारायचं."

त्यांनी ऑइलची पट्टी काढून दाखवली: ऑइल स्वच्छ, पाणी मिसळलेलं नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. मग खालचा रबरी पाइप काढून माझ्या हातात दिला. क्लिपच्या आत लपलेली चीर होती. दाबला की उघडायची, सोडला की मिटायची. नवा पाइप बसवला, आणि जुना कागदात गुंडाळून डिक्कीत ठेवला. "नाशिकच्या मिस्त्रीला दाखवा. मी एकट्याने सांगितलं म्हणून खरं मानू नका." सगळा खर्च आमच्या जाण्यायेण्याच्या डिझेलपेक्षा कमी.

धुळ्याबाहेर शेवभाजी खाल्ली. तिखट जपून मागा. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. दोन्ही बाजूंना कापूस होता म्हणतात. मी काटाच बघत होतो. तो मध्यावरून हलला नाही. संध्याकाळी जळगावात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी समोर आली, तेव्हा कुठे खांदे सैल झाले.

सकाळी सासूबाईंनी नानांना ओवाळलं. हातात ताम्हन होतं, तोंडाने मात्र "सरळ बस रे" चाललं होतं. नंतर नानांनी मला विचारलं, "काय जवाईबापू, गाडी कशी शे?"

"बठ्ठं बराबर शे," मी म्हणालो. सगळं घर हसलं. गोष्ट माझ्याआधीच पोचली होती.

परत आल्यावर पाइप घेऊन नाशिकच्या गॅरेजमध्ये गेलो. आमच्या गॅरेजवाल्याने तो दाबला, सोडला, पुन्हा दाबला. सारवासारव ऐकायची मी तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "हे मला दिसायला हवं होतं. गाडी गार असताना पाहिली मी." या एका वाक्यासाठी मी त्याच्याकडे आणखी दहा वर्षं जाईन. धुळ्याकडे गेलो, तर भटूभाऊंकडेही.

निघताना त्याला म्हटलं, "आता पुढच्या सर्व्हिसिंगला इंजिन बठ्ठं पाहून घ्या."

त्याच्या हातातून पाइप पडला. "बसलं? कधी?"