वरचे सर आणि नववा नियम

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, वेलचेरीतल्या आमच्या इमारतीच्या सभेत नववा नियम सदतीस विरुद्ध तीन मतांनी रद्द झाला. तेव्हापासून आमच्या वरच्या मजल्यावरचे सर जितके चिडलेले आहेत, तितका चिडलेला माणूस चेन्नईत दुसरा नसावा. सर टपाल खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांचा खरा पेशा क्लब क्रिकेटमधल्या पंचाचा. चाळीस वर्षं त्यांनी उन्हात उभं राहून निर्णय दिले आणि ती सवय घरी आणली. भाजीवाल्यानं जून भेंडी दिली की सर बोलत नाहीत, बोट वर करतात. लिफ्टमध्ये सातवा माणूस शिरला की दोन्ही हात आडवे पसरून त्याला वाइड ठरवतात. षटकातले चेंडू मोजायचे सहा खडे अजून खिशात असतात. सभेत कोणी लांबण लावली की एकेक खडा या खिशातून त्या खिशात जातो. सहावा गेला की सर ‘ओव्हर’ म्हणतात आणि बोलणारा बसेपर्यंत म्हणत राहतात. राग आला की ते तमिळ सोडून तंजावरच्या आपल्या जुन्या मराठीत उतरतात.

नववा नियम साधा होता. वेलचेरीत पाणी भरतं, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या हॉलची चावी तळमजल्यावरच्या एका घरात राहील आणि पाणी शिरलं तर खालची चारही घरं हॉलमध्ये राहतील. ही चावी अक्कांच्या दारामागच्या खिळ्याला असे. अक्का मूळच्या तंजावरच्या, एकट्या, गुडघ्यांनी अधू. खालच्या बाकी तीन घरांत भाडेकरू, त्यांना मत नाही. त्यांच्या घरमालकांसकट जवळजवळ सगळ्यांना हॉलमध्ये व्यायामशाळा हवी होती. सेक्रेटरी पुण्याचा, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात इंजिनीअर. तो सभेत म्हणाला, “सर, हात वर करून मत घ्यायची पद्धत तुम्हीच आणलीत.” हे खरं होतं. पूर्वीचे अध्यक्ष अकरा वर्षं खुर्ची सोडत नव्हते, तेव्हा सरांनीच मतदान मागून त्यांना घरी बसवलं होतं.

“अध्यक्ष कोण, तें हात मोजून ठरवा,” सर म्हणाले. “अक्कास बुडवावें का, हेंही हात मोजून? प्रेक्षक ओरडले म्हणून मी कुणास बाद दिलें नाहीं. ओरडणें ती तुमची लोकशाही. प्रजासत्ताक म्हणजे पुस्तक. त्यांत आहे तें तुम्ही सदतीस असा कीं सातशें, हालत नाहीं.”

“पुस्तक पण मतानंच बदलतं ना, सर?”

“ज्याच्या घरांत पाणी शिरतें, त्यास विचारून.”

विरोधात तीन हात होते: सरांचा, अक्कांचा आणि माझा. चावी सेक्रेटरीकडे गेली. सरांनी त्याला नमस्कार करणं बंद केलं. जिन्यात भेटला की ते खिशातले खडे वाजवत. दर सोमवारी ते नववा नियम हातानं लिहून फलकावर लावत आणि दर मंगळवारी तो काढला जाई. असं चौदा वेळा झालं.

डिसेंबरात एका सकाळी दहाच्या सुमारास तळमजल्यात पाणी शिरलं. हॉलला कुलूप होतं. सेक्रेटरी बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला टी. नगरला गेला होता आणि तिथेच अडकला होता. लिफ्ट बंद होती. आम्ही चौघांनी अक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं. पुढे सर उलटे चालत, बोटानं खुणा करत होते.

“अण्णा, बोट मग दाखवा,” अक्का म्हणाल्या. “कुर्चीचा पाय हालतो आहे.”

अक्का तीन दिवस सरांच्या घरी राहिल्या. भाडेकरूंची कुटुंबं सरांच्या आणि माझ्या घरात मावली.

जानेवारीच्या सभेत सेक्रेटरीनं सगळ्यांची माफी मागितली आणि नववा नियम परत आणण्याचा ठराव मांडला. सर उठले. “पोदुम, पुरे. हें मतास टाकूंच नका. चूक झाली असें लिहा आणि नियम होता तिथें ठेवा. आज दया करून द्याल, उद्यां दया आटेल.”

“सर, सगळे तुमच्याच बाजूनं आहेत. हात तरी वर करा.”

“अण्णा, चावी मजकडे येते आहे,” अक्का म्हणाल्या. “तरी भांडतां?”

“मतानें येते आहे, म्हणून भांडतों.”

नोंदवहीत आकडे आहेत: बाजूने एकोणचाळीस, विरोधात एक.

एप्रिलमध्ये अक्का तंजावरला भाचीकडे राहायला गेल्या. चावी आता त्यांच्या शेजारच्या भाडेकरूंच्या घरात असते. ती जागेवर आहे का, हे बघायला सर जानेवारीपासून रोज सकाळी साडेसहाला खाली जातात. पूर्वी या कामाला पाऊण तास लागे. अक्का कॉफी देत आणि दोघं त्यांच्या मराठीत बोलत बसत. इमारतीत ती मराठी बोलणारं आता दुसरं कोणी नाही. काल सर तीन मिनिटांत वर आले. चावी खिळ्याला होती.