कपाटावरचा कागदाचा गठ्ठा

अकोल्याला रेल्वेतून उतरले तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. शिरपूर जैनची बस पकडण्यासाठी वाटेतल्या एका गावी एसटीतून उतरले तेव्हा एकच उरली होती. दोष माझाच. मेडशीपर्यंत मी खिडकीला नाक लावून बसले होते. सोयाबीन कधीच निघून गेलेलं, शेंगांनी लगडलेली तूर वाऱ्यावर डुलणारी, आणि वर एवढं मोठं आभाळ. चिपळूणच्या माणसाला इतकं आभाळ एकदम बघायची सवय नसते. शेजारच्या बाईंना हे काय, ते काय विचारून मी भंडावून सोडलं आणि उतरताना वरच्या फळीवरची पिशवी विसरले.

पिशवीत आधार कार्ड होतं, दुसरा चष्मा होता आणि प्रवासाची वही होती. बसस्थानकातल्या वाहतूक नियंत्रकांनी पुढच्या डेपोत फोन लावला आणि म्हणाले, "सापडन तुमची पिशवी. पन आधार कार्ड हाय म्हनता, तर ठान्यात नोंद करून या."

या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण तिथली एक जुनी, फारशी चांगली नसलेली गोष्ट पुढे येणार आहे.

ठाण्याच्या ओसरीत बाकावर साठीची एक बाई बसली होती. चपला पायरीखाली काढून ठेवलेल्या, आणि मांडीवर कोऱ्या कागदांचं नवंकोरं रीम, सुतळीने बांधलेलं. कुठल्यातरी स्टेशनरीच्या दुकानातून माल पोचवायला आली असावी, असा अंदाज बांधून मी तिच्यासमोरून सरळ आत गेले. टेबलामागचा तरुण शिपाई लगेच उठला. "या मॅडम, बसा." खुर्ची आली, पाणी आलं. माझा चष्मा आणि पुस्तकी मराठी बऱ्याच ठिकाणी माझ्याआधी आत पोचतात. ग्रंथपाल म्हणून उभा जन्म गेला, त्याचा हा परिणाम.

माझी हकिकत अर्ध्यावर आली असेल-नसेल, तेवढ्यात आतल्या खोलीतून ठाणे अंमलदार (ठाण्यात तक्रारी लिहून घेणारे) बाहेर आले. म्हणजे आल्या. चाळिशीच्या हवालदारबाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं.

"मावशी, तुमी कवाच्या बसल्या?"

"सकाळच्या," बाकावरची बाई म्हणाली.

शिपाई जमिनीकडे बघू लागला. हवालदारबाईंनी मला विचारलं, "तुमी आल्या तवा या मावशी बाहेर होत्या न?"

"होत्या," मी म्हटलं.

"मंग त्यायचं आधी लिहू."

मी खुर्ची रिकामी केली. त्या बाईंचं नाव कौसल्याबाई. त्या खुर्चीत बसायला तयार होईनात, खालीच बसू लागल्या. "तक्रार सांगनाऱ्यासाठीच हाय ते खुर्ची," असं दोनदा सांगितल्यावर कडेला टेकल्या. गठ्ठा मांडीवरच.

मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. सुनेच्या दोन शेळ्या कौसल्याबाईंकडे सांभाळायला होत्या, एक काळी, एक तांबडी. दोन दिवसांपूर्वी दुपारी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दोन्ही नाहीशा झाल्या.

"सून आली की म्हनन, बुढीनं इकून खाल्ल्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "तोंडानं नाई म्हननार. पन मनात म्हनन. मंग मी काय करू?"

हवालदारबाईंनी फिर्याद लिहिली आणि सावकाश वाचून दाखवली. मध्येच कौसल्याबाईंनी हात वर केला. "काळीचा उजवा नाई, डावा कान फाटका हाय." हवालदारबाईंनी खोडलं, दुरुस्त केलं, पुन्हा वाचलं. अंगठा झाला, एक नक्कल कौसल्याबाईंना मिळाली. मग त्यांनी मांडीवरचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"हे कायले?" हवालदारबाईंनी विचारलं.

"तुमाले. लिहायले."

"कागद शासनाचा हाय मावशी. तुमचा वापस न्या."

कौसल्याबाईंचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं होतं, त्या खूश होतील.

माझी नोंद झाल्यावर बाहेर आले तर त्या पायरीवर बसलेल्या. गप्प बसणं मला जमत नाही. शेजारी बसून विचारलं, तेव्हा कळलं. खूप वर्षांपूर्वी त्यांच्या मालकाची (नवऱ्याची) विहिरीवरची मोटार चोरीला गेली. तेव्हाच्या लिहिणाऱ्याने सांगितलं, कागद संपले, घेऊन या. यांनी रीम नेलं, काम झालं. तेव्हापासून त्यांच्या गावातलं कोणी ठाण्यात रिकाम्या हाताने जात नाही.

"पण आता नको म्हणाल्या ना त्या?"

"तेच तर," कौसल्याबाई म्हणाल्या. "कागद घेतला नाई, म्हंजे काम करनं नाई."

त्यांची बस आली. जाता जाता त्यांनी गठ्ठा गुपचूप ओसरीतल्या बाकावर ठेवला आणि मागे न बघता चढल्या.

शिरपूरला जुनं जैन मंदिर पाहिलं, यात्रेकरूंच्या रांगेत उभी राहिले. खानावळीत ज्वारीच्या भाकरीबरोबर सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी इतकी तिखट होती की नाक पुसत पुसत दोनदा वाढून घेतली. बाजारपेठेत नवी वही घ्यायला एका दुकानात शिरले. दुकानदारीण जैन बाई होत्या. मला राहवलं नाही. ठाण्यात नेण्यासाठी लोक कागद घेतात का हो, असं विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "घेतात न. मी सांगते, आता नाई लागत. तरी घेतात. नाई घेतला आन काम झालं नाई, तर मनाले खात राह्यते."

चार दिवसांनी नियंत्रकांचा निरोप आला. पिशवी वाशीमच्या डेपोत सापडली होती, वाहकाने जमा केली होती. ती घेऊन परतताना, सापडल्याचं कळवायला पुन्हा त्या ठाण्यात गेले. या वेळी आधी बाकाकडे पाहिलं. रिकामा होता.

आत कपाटावर तोच गठ्ठा होता, पण निम्माच. म्हणजे शेवटी वापरलाच की, असं मनात आलं आणि वाईट वाटलं. हवालदारबाईंनी माझी नजर ओळखली.

"आमी एक कागद नाई घेतला," त्या म्हणाल्या. "पंचनाम्याले गेली तवा वापस घेऊन गेली होती. मावशी म्हने, शेळ्या आल्याबिगर हात नाई लावत. मंग काल आठवडी बाजारात काळी भेटली. डाव्या कानावरून वळखली. मावशी तिले न्यायले आल्या, सुतळी सोडली, अर्धे कागद मोजून घेतले आन अर्धे तिथंच ठेवले. म्हने, तांबडी आली की बाकीचे नेतो."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला न," त्या म्हणाल्या. "पन रोज ड्युटीवर आली की पयले तेच दिसते."

तेवढ्यात शिपायाने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यालाही बसायला सांगितलं.

आता चिपळूणला घरी बसून हे लिहिते आहे. पोलिसांवर माणसांचा विश्वास असतो किंवा नसतो, असं मी आजवर समजत होते. कौसल्याबाईंनी तो एका शेळीपुरता ठेवला, दुसरीपुरता राखून ठेवला. मला हे फार आवडलं, आणि खुर्चीवर झटकन बसलेली मी आठवून लाजही वाटली. निघताना हवालदारबाईंना माझा नंबर दिला होता, तांबडी सापडली तर कळवा म्हणून. अनोळखी नंबरांचे फोन मी सहसा उचलत नाही. हल्ली पहिल्या घंटेला उचलते.