दोन फोनांच्या मधला माणूस

नासिरसान गेल्याचे त्यांच्या पत्नी बिल्किससाननी मला फोनवर कळवले, तेव्हा मी त्सुकुबा स्टेशनबाहेर सायकल लावत होते. त्यांचा आवाज स्थिर होता. "नासिर गेला," त्या जपानीत म्हणाल्या, आणि थोडे थांबून, "शुक्रवारी याल ना?" मी हो म्हटले. त्या शुक्रवारी त्यांच्या घरात काय पणाला लागले होते, ते मला पुरते ठाऊक होते.

नासिरसान, इथल्या रीतीचे आदरार्थी 'सान' लावून मी त्यांना असेच म्हणायचे, भूजलाचे संशोधक, आमचे शेजारी, मूळचे दक्षिण येमेनमधल्या एडनचे. एडन म्हटले की मला शाळेच्या इतिहासातला तुरुंग तेवढा आठवायचा. इंग्रज गेल्यावर तिथे समाजवादी राजवट आली, उत्तरेला सना ही राजधानी असलेले दुसरे येमेन होते, आणि या दोहोंमध्ये सीमेवर बंदुका होत्या, हे मला त्यांच्याकडूनच कळले. बिल्किससान सनाच्या. आपल्या देशात ज्यांची गाठ पडणे अवघड, ते दोघे जपानमध्ये विद्यार्थी म्हणून भेटले आणि इथेच त्यांनी लग्न केले. "एडनच्या माणसांना चहा करता येतो, राज्य नाही," असे त्या चिडवायच्या. "आणि सनावाल्यांना राज्य करता येतं, चहा नाही. ते आम्ही भोगलंय," असे नासिरसान कपात चहा ओतता ओतता म्हणायचे.

१९९० साली दोन्ही येमेन एक झाले, तेव्हा हे दोघे सनाहून एडनला मोटारीने गेले होते. जिथे चौकी होती तिथला आडवा खांब रस्त्याकडेला पडला होता, आणि अनोळखी माणसे गाड्यांतून उतरून एकमेकांना मिठ्या मारत होती... हे सांगताना नासिरसानचा आवाज दर वेळी खाली येई. एडनच्या घरी त्यांचा भाऊ फुआद आणि बिल्किससानचा भाऊ याह्या एका थाळीत जेवले. चारच वर्षांनी युद्ध झाले. उत्तरेचे सैन्य एडनमध्ये शिरले, आणि फुआदचा छापखाना लुटला गेला. याह्या त्या सैन्यात होता. त्याने लुटले नव्हते, पण फुआदला तो गणवेश पुरेसा होता. दोघांचे बोलणे तुटले ते तुटलेच. आता तर नव्या युद्धाने देश पुन्हा चिरला आहे. सना एकाच्या हाती, एडन दुसऱ्याच्या.

या नव्या युद्धात नासिरसाननी शुक्रवारची पद्धत सुरू केली. जेवणाच्या टेबलावर दोन फोन, एकावर एडन, दुसऱ्यावर सना, आणि मध्ये ते. "फुआद विचारतोय, वीज आहे का?" "याह्या म्हणतोय, नाही." दोघांनाही एकमेकांचे शब्द स्वच्छ ऐकू येत, तरी नासिरसाननी ते पुन्हा उच्चारल्याखेरीज कोणी उत्तर देत नसे. बिल्किससान हळूच मला अर्थ सांगत. एकदा मी भीत भीत विचारले, "तुम्हाला कंटाळा येत नाही?" ते हसले. "नव्वद साली एकीच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा मला वाटलं काम संपलं. सगळ्यांनाच वाटलं. खरं काम तर तिथून सुरू होणार होतं." असा धीर मी कोणात पाहिलेला नाही. वर्षानुवर्षे एका माणसाने आपल्या आवाजावर एक देश तोलून धरला होता.

त्या शुक्रवारी बिल्किससाननी दोन्ही फोन लावले आणि मध्ये बसल्या. पण त्यांच्याने बोलवेना. त्यांचे हुंदके तेवढे दोन्ही फोनांत जात होते... मला वाटले, संपले सारे. मग एडनकडून आवाज आला, त्यापाठोपाठ सनाकडून. मला शब्द कळत नव्हते. पण मध्ये कोणी काही उच्चारले नव्हते, एवढे कळले. बिल्किससाननी डोळे मिटून घेतले.

ते काय बोलले, हे त्यांनी मला दारात निरोप देताना सांगितले. फुआद म्हणाला होता, "याह्या, बहीण रडतेय तुझी. बोल ना काहीतरी."

आणि याह्या म्हणाला होता, "तूच बोल. तुझा आवाज त्याच्यासारखा आहे."