पेन्सिलीखालची आई

स्टुडिओत त्यांना सगळे शिसपेन्सिल म्हणत. अंगकाठी तशीच होती आणि कामही तेच. चाळीस वर्षं त्यांनी मागच्या खोलीत एका तिरप्या काचेपुढे बसून काढली. काचेमागे दिवा, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याशी भिंग आणि हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल. कोणाच्या गालावरचा फोड, कोणाच्या डोळ्यांखालचं काळं, कोणाच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं त्या पेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांनी बुजायचं. पुढच्या खोलीत मालक गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे, "चेहरा कसाही असू द्या हो, आमचा माणूस बघून घेईल." आमचा माणूस कोण, हे पाहायला कोणी कधी मागे आलं नाही. त्यांनाही ते बरंच वाटायचं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कुलूपच लागे.

लग्न राहून गेलं. आई होती तोवर आईकडे बघायचं म्हणून, आणि आई गेल्यावर आता या वयात कशाला म्हणून. आता चौऱ्याहत्तर पूर्ण झाली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. खालून जिन्यात पावलं वाजली की ते कान देत. पावलं बहुतेक दुसऱ्या मजल्यावरच थांबत.

एक दिवस भाचीचा फोन आला.

"मामा, झोपला होतास का?"

"नाही गं. बसलो होतो."

"तू कायम बसलेलाच असतोस. बरं ऐक, मी आपल्या घरच्या जुन्या फोटोंचं पुस्तक करतेय. तीसेक प्रती काढणार, नातेवाइकांत वाटायला. पहिल्या पानावर आजी-आजोबांचा तो फोटो, आईच्या भिंतीवरचा. त्याच्याखाली चार ओळी तू लिहायच्यास."

"मी? मला कुठलं लिहिता येतंय?"

"आजी-आजोबांना जवळून पाहिलेले तुम्ही दोघंच उरलात. आई म्हणते, मला चष्म्यानेही दिसत नाही धड, त्याला सांग. महिनाअखेरीला छापायला द्यायचंय हं, मामा. उगाच रखडवत ठेवू नकोस."

हो म्हणून त्यांनी फोन ठेवला खरा, पण जीव थाऱ्यावर राहिला नाही. कारण तो फोटो खोटा होता, आणि किती खोटा हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

आई-वडील फोटोला एकत्र कधी बसलेच नव्हते. वडील कारखान्यात लेथवर होते. त्यांचा एकच फोटो होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. ताईचं, म्हणजे भाचीच्या आईचं, लग्न होऊन ती लांब, दोन दिवसांच्या प्रवासावर गेली आणि सहाच महिन्यांत वडील गेले. ताई आली, आठ दिवस राहिली आणि परत गेली. मग तिकडे तिची बाळंतपणं, सासूचं आजारपण. तीन-चार वर्षं तिला येता आलं नाही. त्यातली पहिली दोन वर्षं आईने कपड्यांच्या कारखान्यातून कामं आणून काढली. काज करायची, बटणं लावायची, शेवटी इस्त्री करून गठ्ठा बांधायची. एकदा डुलकी लागली आणि इस्त्री गालाला चिकटली. तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते, स्टुडिओत नुकतेच शिकायला लागले होते.

ताईचं पत्र आलं की त्यात एकच टुमणं असायचं, आई कशी आहे. शेवटी मालकांनीच आईला एकदा दुपारी बोलावून फोकसखाली बसवलं. घरी जाताना आई त्यांना म्हणाली, "ताईला पाठव फोटो. पण मला जरा नीट कर. पोरगी तिकडे रडत बसायला नको."

त्यांनी तीन दिवस खपून आईला नीट केलं. नुसतं नीट करून थांबले नाहीत, ओळखपत्रावरचे वडील मोठे करून तिच्या शेजारी बसवले. जोड दिसू नये म्हणून खांद्याखांद्यातली फट अशी काही भरली की मालक पाठ थोपटून म्हणाले, "शिसपेन्सिल, तू आता तयार झालास." वडील जोडलेत हे ताईला दिसणारच होतं, पण आई वडील होते तेव्हासारखीच वाटावी म्हणून तिच्या चेहऱ्यावरची दोन वर्षं त्यांनी पुसली होती. पुढे ताई आली तोवर त्यांची नोकरी पक्की झाली होती, आईचं काम सुटलं होतं, गाल भरले होते आणि डागही फिकटला होता. त्या दोन वर्षांचा एकच पुरावा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवला होता.

आता तोच चेहरा तीस घरांत जाणार. नातवंडं-पतवंडं म्हणणार, पणजी काय मजेत होती.

त्यांनी आपल्याकडची प्रत काढली आणि पेन्सिलीला टोक केलं. बुजवलं तसं उलट आणता येईल, असं त्यांना वाटलं. डोळ्यांखाली हलकेच सावल्या दिल्या. मग गालावरच्या डागाशी येऊन हात अडला. डावा गाल की उजवा? निगेटिव्हवरचं काम मसाल्याच्या, म्हणजे रसायनाचा थर असलेल्या बाजूने करतात, आणि त्या बाजूने माणूस आरशातल्यासारखा उलटा दिसतो. तीन दिवस त्यांनी आईला उलटीच पाहिली होती. त्यांच्या बोटांना डाग आठवत होता तो डाव्या गालावरचा, पण तो काचेवरचा उलटा की खरा, हे ठरेना. घरात वावरणाऱ्या आईच्या गालावरचा डाग काही केल्या डोळ्यांपुढे येईना. बसल्या जागी ते आपलाच हात एकदा या गालाला, एकदा त्या गालाला लावून पाहत राहिले.

त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, आईच्या कुठल्या गालावर भाजलं होतं गं?"

"आईच्या? आईला कधी भाजलं?"

"इस्त्रीने. तू नव्हतीस तेव्हा."

"काहीतरीच! आईचा चेहरा लख्ख होता. भिंतीवर फोटो आहे ना माझ्या. जन्मभर लोकांची तोंडं घासलीस, आता दुसऱ्या कोणाचा तरी डाग आणून आईला चिकटवू नकोस."

"तसं असेलही," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना खरंच तसं वाटायला लागलं. चाळीस वर्षांत भाजलेले गाल काय थोडे पाहिले होते? त्यातलाच एखादा आईच्या नावावर जमा झाला असेल. आजवर त्यांना निदान एवढी खात्री होती की खरं आपल्याला माहीत आहे. आता तीही गेली. दोन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. विचारायचं तर कोणाला विचारणार? त्या घरात तेव्हा दोनच माणसं होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चपला घातल्या आणि स्टुडिओ गाठला. स्टुडिओ म्हणजे आता मालकांच्या मुलाचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. एका कोपऱ्यात ओळखपत्रांचे फोटो काढायची खुर्ची तेवढी शिल्लक होती. मुलगाही पन्नाशीला आलेला.

"अरे, काका! तुम्ही अजून–" तो चाचरला, "अजून इकडेच राहता?"

"अजून आहे," ते म्हणाले. "जुन्या निगेटिव्हचे खोके टाकलेस का रे?"

"टाकायला वर चढावं लागतं, काका. माझे गुडघे बघा. माळ्यावर जसे बाबांनी ठेवले तसे पडलेत. तुम्ही चढणार असाल तर सगळे घेऊन जा, उपकार होतील."

ते चढले. शिडीवर प्रत्येक पायरीला थांबून चढले. खोक्यांवर साल होतं, आत पाकिटांवर क्रमांक. दोन दिवस ते माळ्यावर वाकून बसत होते. पाकिटांतून ओळखीची माणसं निघत होती, काळी-पांढरी उलटी माणसं, ज्यांची एक-एक सुरकुती त्यांना पाठ होती आणि ज्यांनी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पाकीट हाती आलं. त्यावर क्रमांक नव्हता. त्यांच्याच कोवळ्या अक्षरात 'घरचा' एवढंच लिहिलेलं होतं. आत एकट्या आईचं निगेटिव्ह होतं; वडील नंतर, छापलेल्या फोटोत जोडले होते.

निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइनने पुसली की निघते. ब्लेडने खरवडलेलं मात्र परत येत नाही. तेव्हा आपण ब्लेड वापरलं होतं की नाही, हेही त्यांना आठवेना. घरी खिडकीशी बसून त्यांनी कापसाचा बोळा भिजवला आणि गोल-गोल फिरवायला सुरुवात केली. बोळ्यावर राखाडी रंग उतरला. किती ठिपके घातले होते! एक बोळा झाला, दुसरा झाला. मग त्यांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरलं.

लोक पेपर वाचतात तसं ते निगेटिव्ह वाचत. डाग होता. उजव्या गालावर, इस्त्रीच्या टोकासारखा निमुळता. बोटांना आठवलेला डावा काचेवरचा होता. पण डागाचं आता त्यांना काही वाटेना. त्यांना विसरायला झालं होतं ते दुसरंच. डोळ्यांखालचे खड्डे, ओढलेले ओठ, हाडाला टेकलेली कातडी. अडतीस वर्षांची बाई साठीची दिसत होती. एवढी दमलेली आई त्यांनी रोज पाहिली होती, तीन दिवस भिंगातून पाहिली होती, आणि एकेक ठिपका टाकताना त्यांच्या मनात फक्त हेच होतं की काम सफाईने व्हायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मालकांच्या मुलाने ते मशिनवर ठेवून पडद्यावर सुलटं केलं. "काका, फार थकलेल्या दिसतायत या. साफ करून देऊ? एका बटणाचं काम आहे."

"नको, नको," ते जवळजवळ ओरडलेच. "हात लावू नकोस."

ताई आता भाचीकडेच राहायची, बसने तासाभरावर. छापलेली प्रत पिशवीत घालून ते निघाले. वाटभर त्यांनी काय बोलायचं ते मनात जुळवलं. ताईने चष्मा पुसला, फोटो नाकाशी धरला.

"ही कोण?"

"आई. तुला पाठवलेला तोच फोटो. मी पेन्सिल काढली."

ताईने फोटोवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मी हा घेऊन शेजारणींना दाखवत फिरले होते. बघा, माझी आई कशी छान राहते म्हणून."

"तिनेच सांगितलं होतं, ताई."

"तिने सांगितलं आणि तू केलंस. मला कोणी विचारलं? तेव्हा न विचारता पुसलंस, आता न विचारता आणलंस. मला कळलं असतं तर मी आले असते."

"तुला सातवा महिना होता."

"तरी आले असते!" ताईचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "निदान पत्रात बटणांचे नमुने तरी मागवले नसते रे. मला वाटलं, वेळ जावा म्हणून बटणं लावते. हसत हसत लिहिलं होतं मी, आई, तुझ्याकडे काय ढीग असतील."

भाची चहा घेऊन आली. दोघांच्या तोंडांकडे बघून तिने हळूच विचारलं, "मग... पुस्तकात कुठला घालायचा?"

"जुनाच," ताई म्हणाली आणि फोटो मांडीवर पालथा घातला.

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं त्यांना एकही सापडेना. "ताई, त्यात ती खरी नाही गं," एवढंच ते म्हणाले.

"नसू दे. तिला असं कोणी बघायला नको होतं. मलासुद्धा बघू दिलं नाही तिने. तीस घरांत कशाला?" मग खालच्या आवाजात, "हा मी ठेवते. तुझ्याकडे निगेटिव्ह आहे."

त्यांनी मान हलवली. ताईचं चुकत होतं असं त्यांना म्हणवेना, आणि बरोबर होतं असंही. आईला दिलेला शब्द पन्नास वर्षांनी मोडायला आपण निघालो होतो, हे त्यांना तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. पण नुसतं गप्प बसणं म्हणजे पुन्हा पेन्सिल हातात घेणं. परतल्यावर ते टेबलाशी बसले. पाच-सहा कागद फाडले. शेवटी जमल्या त्या ओळी भाचीला पाठवल्या:

'हे दोघं फोटोसाठी कधी एकत्र बसले नव्हते. वडील गेल्यावर दोन वर्षांनी आईचा फोटो काढला आणि मुलाने त्यांना जोडलं. त्या दोन वर्षांत आईने एकटीने शिवणाची कामं करून घर चालवलं. ती फार दमलेली होती. ते दिसू नये अशी तिची इच्छा होती, म्हणून या फोटोत ते दिसत नाही.'

भाचीने एक अक्षर न बदलता छापलं. ताईने ते वाचून घेतलं असणार.

पुस्तक वाटून झाल्यावर आठवडाभर ते फोनजवळ बसून होते. कोणीतरी विचारेल, मग सांगावं लागेल, कसं सांगायचं याची त्यांनी तयारीही केली होती. एकच फोन आला, चुलतभावाच्या सुनेचा.

"काका, पहिल्या पानावरचा फोटो काय सुरेख आहे! किती शोभतात दोघं शेजारी शेजारी. खालचं अजून वाचलं नाही हो, अक्षर फार बारीक छापलंय."

"हो," ते म्हणाले, "बारीकच आहे ते."

"वाचेन सवडीने."

"वाच," ते म्हणाले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, तरी ते काही वेळ रिसीव्हर कानाला लावून उभे होते.