हुडकेश्वरच्या मावशीची पावडर

या जगात पूर्णपणे निरोगी माणूस एकही नाही, असं माझ्या हुडकेश्वरच्या मावशीचं ठाम मत होतं. एखादा तसा वाटलाच, तर तो तिला अजून निवांत भेटलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. लकडगंजच्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत तिच्यापुढे नवऱ्या मुलाचे काका उभे होते. वरणाचा डाव हातात येईपर्यंत तिने त्यांच्याकडून गुडघेदुखी कबूल करून घेतली. एकदा हेल्मेट नाही म्हणून चौकातल्या हवालदाराने तिला अडवलं. "दिवसभर उभे राहता, पोटऱ्या भरून येत असतीन ना भाऊ?" असं तिने इतक्या कळवळ्याने विचारलं, की तो बिचारा चालान विसरून आपल्या आईच्या संधिवाताचं सांगू लागला. मावशीने डिक्कीतून विकायच्या औषधी पावडरीचा डबा काढून त्या आईसाठी तिथल्या तिथे पुडी बांधून दिली. फुकट.

धंद्यात तिचं नेमकं हेच चुकायचं. "घरबसल्या सेकंड इनकम आहे गा, तू फक्त दोन माणसं जोड," असं म्हणत ती कागदावर एक गोल काढायची, त्याखाली दोन, त्याखाली चार. पण चारापर्यंत गाडी जातच नसे. दुसऱ्या गोलात जिचं नाव लिहिलं, तिच्या सुनेची डिलिव्हरी झाली का, हे तिला आधी विचारायचं असे. तिला या धंद्यात घेणारे टायवाले सर फोनच्या पडद्यावरून शिकवणी घेत. "मॅडम, कस्टमरच्या घरी जेवत बसायचं नसते," असं ते एकदा अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. मावशीने माइक सुरू करून विचारलं, "तुमचं झालं का जेवण, सर?"

खरं तर तिला इनकमची गरजच नव्हती. मावसाजींचं पेन्शन होतं. ते खाणीतून रिटायर झाल्यावर दोघं कन्हानची कॉलनी सोडून हुडकेश्वरच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधून आली. कॉलनीत दुपारी कोणाचं दार लावलेलं नसे. साखर मागायला आलेली बाई चहा पिऊन, कुरड्या घालू लागून, साखर तिथेच विसरून घरी जाई. इथे प्रत्येक घराला फाटक आणि फाटकावर कुत्र्याची पाटी. "बेल वाजवली की विचारतेत, काय काम आहे? कामच पाहिजे त घ्या, काम घेऊन येतो," असं मावशी एकदा म्हणाली, आणि मला तिची पावडर त्या दिवशी समजली.

पण जोडायच्या नादात माणसं तुटू लागली. तिची स्कूटी वळली की गल्लीत पडदे सरकत. एका संक्रांतीला तिने हळदीकुंकवाचं वाण म्हणून पावडरीच्या पुड्याच लुटल्या. वाणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून बायांनी त्या घेतल्या. पण पुढच्या वर्षीच्या बोलावण्याला अर्ध्या जणी माहेरी गेल्या आणि उरलेल्या आजारी पडल्या. "माही पावडर घेऊन आजारी कशा पडल्या गा ह्या?" असं तिने मला अगदी खरेपणाने विचारलं होतं.

यंदा तिने धंदाच बंद केला. फाटकाफाटकाशी जाऊन सांगून आली, "काही विकणार नाही, नुसतं हळदीकुंकू आहे." वाणाला साध्या चहागाळण्या आणल्या. मी खुर्च्या मांडायला गेलो होतो. बाया आल्या, मांडीवर पर्स धरून खुर्चीच्या काठावर बसल्या आणि गोलांच्या कागदाची वाट पाहू लागल्या. कागद काही निघाला नाही, तेव्हा हायसं वाटून तिळगूळ खाऊन उठल्या. "बसा ना वं जरा," मावशी प्रत्येकीला म्हणत राहिली. मला फार वाईट वाटलं.

मी खुर्च्या उचलत होतो, मावशी पायरीवर बसली होती. तेवढ्यात समोरच्या घरातली सून परत आली. तिचा नवरा ड्यूटीसाठी बाहेरगावी, ही दिवसभर एकटी. मावशीकडून नेमाने डबे घेणारी तेवढी एकच.

"काकू, पावडर खरंच बंद केली?"

"हो वं. काहून, गुडघे दुखून राहिले का?"

"माह्या गुडघ्याले काही नाही झालं. डबे तसेच पडले आहेत घरी," ती खाली बघत म्हणाली. "डबा घ्याचा म्हणून येत होती मी. आता कशाले येऊ?"

"अशीच ये ना वं."

"अशी येते का कोणी इथं?"



"कन्हानले येत होत्या," मावशी म्हणाली, आणि बाजूला सरकून तिने पायरीवर तिच्यासाठी जागा केली.